नव्ह-शापेलच्या भिंतीवरची नावे

उत्तर फ्रान्समध्ये लील शहराच्या नैऋत्येला वीस-पंचवीस किलोमीटरवर नव्ह-शापेल नावाचे एक लहान खेडे आहे. त्याच्या वेशीबाहेर, ला बासेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या चौकात, पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये कामी आलेल्या आणि ज्यांची कबर किंवा समाधी कोठेच नाही अशा 4,700 हून अधिक भारतीय सैनिकांचे व श्रमिकांचे स्मारक उभे आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था या स्मारकाची देखभाल करते आणि त्यावरच्या प्रत्येक नावाची नोंद आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधू देते. हे स्मारक आणि ही शोधसेवा या दोन्हींविषयी मराठी वाचकांसाठी सविस्तर लिहिले पाहिजे असे मला मनापासून वाटते. युरोपला जाणारी आपली बहुतेक मंडळी पॅरिसहून थेट ब्रुसेल्स किंवा ॲमस्टरडॅम गाठतात आणि हे ठिकाण वाटेतून थोडेसेच बाजूला असूनही कोणाच्या यादीत नसते.

प्रथम वास्तूविषयी. सर हर्बर्ट बेकर यांनी हे स्मारक रेखले. नवी दिल्लीच्या संसद भवनाच्या रचनेत ल्युटन्स यांच्याबरोबर काम करणारे हेच ते वास्तुविशारद. ते संसद भवन 1927 च्या जानेवारीत खुले झाले आणि त्याच वर्षी 7 ऑक्टोबर रोजी तत्कालीन भारतमंत्री लॉर्ड बर्कनहेड यांच्या हस्ते नव्ह-शापेलच्या स्मारकाचे अनावरण झाले. फ्रान्सचे सेनानी मार्शल फॉश त्या समारंभाला उपस्थित होते. स्मारकाचा घेर वर्तुळाकार आहे. रस्त्याच्या बाजूचा अर्धा भाग दगडी कठड्याचा असून तो सांची आणि बोधगया येथील प्राचीन कठड्यांच्या धर्तीवर घडवला आहे. मागचा अर्धा भाग म्हणजे सलग भिंत, आणि नावे आहेत ती या भिंतीवर. पुढच्या बाजूस सुमारे 15 मीटर उंचीचा स्तंभ, त्यावर कमळाची बैठक, त्यावर राजमुकुट आणि भारताचा तारा. स्तंभाच्या दोन्ही अंगांना दगडात कोरलेले दोन वाघ बसलेले आहेत. ते शिल्पकार चार्ल्स व्हीलर यांचे काम. स्तंभाच्या खालच्या भागावर इंग्रजीबरोबर अरबी, देवनागरी आणि गुरुमुखी अक्षरांतही ईश्वराचे स्मरण कोरलेले आहे.

मुकुट आणि तारा ही साम्राज्याची चिन्हे पाहून आपल्यापैकी काहींचे मन थोडे खट्टू होईल, आणि ते साहजिक आहे. दरमहा 11 रुपये पगारावर गेलेला शिपाई कोणाच्या राज्यासाठी लढला हा प्रश्न टाळता येत नाही, टाळूही नये. परंतु या स्मारकाच्या आत पाच मिनिटे थांबले की नजर मुकुटावरून उतरून भिंतीवर स्थिरावते, कारण वास्तुविशारदाने मांडणीच तशी केली आहे. स्तंभ रस्त्यावरून दिसण्यासाठी आहे. आत आलेल्या माणसाला चहूकडून धरून ठेवते ती भिंत.

या जागेची निवडही विचारपूर्वक झाली आहे. इंग्रजांच्या फौजेने या चौकाला ‘पोर्ट आर्थर’ असे नाव दिले होते. 10 मार्च 1915 रोजी सकाळी पस्तीस मिनिटांच्या तोफांच्या भडिमारानंतर मीरत डिव्हिजनमधील गढवाल ब्रिगेड याच परिसरातून पुढे सरसावली आणि काही तासांतच गाव हाती आले. पुढची ओबेरची टेकाडे मात्र घेता आली नाहीत, आणि 13 मार्चला लढाई थांबली तेव्हा भारतीय कोअरचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे 4,200 जण गमावले गेले होते. याच लढाईच्या पहिल्या दिवशी 39 गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनचे रायफलमन गबरसिंग नेगी जर्मन खंदकात शिरले. खंदकाच्या प्रत्येक वळणावर सर्वांच्या आधी पुढे होऊन त्यांनी शत्रूला मागे रेटले, शेवटी शरण यायला लावले, आणि तेथेच ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांचा देह ओळखून वेगळा करता आला नाही, म्हणून त्यांचे नाव या भिंतीवर आहे, आपल्या पलटणीच्या इतर शेकडो नावांबरोबर, त्याच अक्षरांत आणि त्याच आकारात. गढवालात चंबा येथे त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी एप्रिल महिन्यात मेळा भरतो. फ्रान्समधील भिंत आणि डोंगरातील गाव यांच्यामधला धागा तेथील लोकांनी तुटू दिलेला नाही.

मराठी माणसाचा या गावाशी संबंध काय, असे कोणी विचारील. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी फ्रान्सच्या आघाडीवर नव्हत्या हे खरे आहे. त्या मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. पण नव्ह-शापेलसाठी भारतीयांनी पहिले रक्त सांडले ते मार्च 1915 च्या मोठ्या लढाईत नव्हे, त्याच्या साडेचार महिने आधी. 28 ऑक्टोबर 1914 रोजी 47 शीख पलटण आणि तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्यांनी या गावावर चाल केली. तिसरे सॅपर्स अँड मायनर्स म्हणजे खडकीचे आपले बॉम्बे सॅपर्स. या दलात शीख आणि मुसलमानांबरोबर मराठे होते. खंदक खोदणे, पूल बांधणे, सुरुंग लावणे हे ज्यांचे काम, त्यांना त्या दिवशी पायदळासारखे संगिनी लावून गावात घरोघर लढण्यासाठी पाठवण्यात आले. त्यांनी गावाच्या बऱ्याच भागात शिरकाव केला, मागून कुमक आली नाही, आणि प्रतिहल्ल्यात त्यांना मागे यावे लागले. दोन्ही कंपन्यांचे सगळे इंग्रज अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. पुण्यात होळकर पुलावरून खडकीकडे जाताना सॅपर्सच्या आवाराच्या भिंती दिसतात. त्या आवारातून निघालेली माणसे आगबोटीने मार्सेला उतरून महिन्याभरात या बीटाच्या आणि गव्हाच्या सपाट शेतांत येऊन पडली, हे इथे उभे राहिले की प्रथमच अंगावर येते.

आता नावांविषयी, कारण माझ्या दृष्टीने या स्थळाचे खरे मोल तेथेच आहे. भिंतीवर पलटणींची शीर्षके आहेत, त्याखाली हुद्द्यांची, आणि मग रांगेने माणसे: सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक, लान्स नाईक, शिपाई. सॅपर्सच्या रकान्यापाशी थांबून मी एकेक नाव ओठांतल्या ओठांत वाचत गेलो. रोमन अक्षरांत कोरलेली नावे मनातल्या मनात देवनागरीत आणावी लागतात, आणि इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिले असल्याने एखादे नाव दोनदा-तीनदा उच्चारल्यावरच कळते की हा तर आपल्या मुलखातला माणूस. दगड राखाडी होत चालला आहे, तळाशी शेवाळाची हलकी हिरवट कड आहे, पण एकही अक्षर पुसट झालेले नाही. शंभर वर्षे होत आलेल्या आणि पावसाळी हवेत उघड्यावर असलेल्या कोरीव कामाविषयी हे म्हणता येणे म्हणजे देखभाल करणाऱ्यांचे मोठेच श्रेय आहे. हिरवळ नीट कापलेली, वाफ्यांच्या कडा सरळ, कचऱ्याचा कागद कोठे दिसत नाही. कमिशनचे काम ज्यांना महाराष्ट्रातच पाहायचे असेल त्यांनी खडकीचे वॉर सिमेट्री पाहावे. तेथेही हीच शिस्त आहे.

भिंतीवर आणखी दोन नोंदी आहेत, ज्यांकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करून निघून जातात. एक म्हणजे 1964 मध्ये बसवलेला कांस्यपट. जर्मनीत बर्लिनजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत मरण पावलेल्या 210 जणांची नावे त्यावर आहेत. त्यांना झेरेन्सडॉर्फ येथे पुरले होते, पण ती दफनभूमी पूर्व जर्मनीत गेल्यावर तिची निगा राखणे अशक्य झाले, म्हणून ही नावे इथे आणली. दुसरी नोंद दुसऱ्या महायुद्धातली आहे. कैदेत मरण पावलेल्या आठ भारतीय सैनिकांचे अवशेष 1964 मध्येच उकरून काढून त्यांना रीतसर अग्नी देण्यात आला; त्यांपैकी सहा जणांची ओळख पटली होती, त्यांची नावे येथे कोरली आहेत. मरणानंतर वीस वर्षांनी का होईना, कोणीतरी या माणसांच्या धर्माचा विचार करून त्यांना चितेवर ठेवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

नावाचा एवढा आग्रह का, हे आपल्या गावांकडे पाहिल्यावर कळते. महाराष्ट्रात असा तालुका क्वचितच सापडेल जिथे देवळाच्या आवारात वीरगळ नाही. खालच्या चौकटीत लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. आपण त्याला शेंदूर लावतो, नारळ फोडतो, पण बहुतेक वीरगळांवर नाव नाही, त्यामुळे तो कोण होता हे कोणालाच सांगता येत नाही. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या. कोकणात आणि साताऱ्याकडे त्या चावडीच्या, शाळेच्या किंवा वेशीच्या भिंतीत अजून दिसतात. या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. आकडे आहेत, माणसे नाहीत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे 46 जण कामी आले आणि गावात त्यांचे स्मारक आहे. 46 हा आकडा साताऱ्यात पुष्कळांना पाठ आहे, पण त्या 46 जणांपैकी चार नावे सांगा म्हटले तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

मराठी कुटुंबांच्या बाबतीत ही उणीव अधिकच बोचते, कारण आपले बहुतेक लोक जिथे पडले तिथल्या स्मारकावरही त्यांची नावे नाहीत. सहावी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियातील कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली तेव्हा 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 असा तो वेढा चालला, घोड्यांचे मांस खाण्याची वेळ आली, आणि शरणागतीनंतर कैदेच्या वाटेवर कितीतरी माणसे वाळवंटात गेली. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि कबर नसलेल्या 40,000 हून अधिक जणांचे स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर इंग्रज सैनिक आणि भारतीय अधिकारी यांची नावे कोरली गेली, पण भारतीय शिपायांचा फक्त पलटणीनिहाय आकडा दिला गेला. कमिशनने स्वतः नेमलेल्या समितीने 2021 मध्ये हे स्पष्ट शब्दांत मांडले: मुख्यतः भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा अंदाजे 45,000 ते 54,000 जणांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही. कमिशनने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. इंग्लंडमधील ब्रायटनजवळच्या छत्रीचेही तेच. तेथे 53 हिंदू व शीख सैनिकांचे दहन झाले, छत्री 1921 मध्ये उभी राहिली, आणि त्यांची नावे कोरलेली भिंत आली ती 2010 मध्ये. या पार्श्वभूमीवर नव्ह-शापेलला 1927 मध्येच साध्या शिपायाचे नाव सुभेदाराच्या नावाखाली त्याच दगडात कोरले गेले, हे किती अपवादात्मक होते ते लक्षात येते. ही गोष्ट युरोपच्या भूमीवर घडली आणि बसऱ्यात घडली नाही, यामागचा भेदभाव विसरण्यासारखा नाही.

त्यामुळेच कमिशनची शोधसेवा आपल्यासाठी स्मारकाइतकीच, किंबहुना अधिक, उपयोगाची आहे. कारण दगडावर नसलेल्या शिपायांच्या नोंदीही तिच्यात पुष्कळ प्रमाणात सापडतात. संकेतस्थळावर युद्धातील मृतांचा शोध घेण्याचा विभाग आहे. शुल्क नाही. सापडलेल्या नोंदीत नाव, हुद्दा, सेवा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख, स्मारक आणि त्यावरील फलकाचा क्रमांक दिलेला असतो. आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा रकाना ‘अतिरिक्त माहिती’चा. अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका, अमुक जिल्हा असे त्यात अनेकदा लिहिलेले असते, आणि विस्तृत शोधात या रकान्यातील शब्दावरूनही शोधता येते. म्हणजे नाव ठाऊक नसले तरी गावावरून माणसापर्यंत पोहोचता येते. शंभर वर्षांपूर्वीच्या पाटीवरचा आकडा घेऊन बसलेल्या गावाला याहून चांगले साधन मिळणार नाही.

सेवा वापरताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भारतीय सैनिकांचे पूर्ण नाव पुष्कळदा आडनावाच्याच रकान्यात नोंदलेले आहे. फक्त आडनाव टाकून काही मिळाले नाही तर पहिले नाव त्याच रकान्यात टाकून पाहावे. स्पेलिंग त्या काळचे आहे. जाधव, सावंत, मोरे, शिंदे यांची दोन-तीन वेगवेगळी रूपे करून पाहावीत आणि ‘व’ अखेरीस येणाऱ्या नावांच्या बाबतीत तर नक्कीच. जिल्हेही तेव्हाचे घ्यावेत. आजच्या रायगडसाठी कुलाबा, पुण्यासाठी पूना असे लिहावे. सिंधुदुर्गातील गावे बहुतेक रत्नागिरीखाली आणि काही सावंतवाडी संस्थानाखाली, सांगलीकडची कित्येक गावे साताऱ्याखाली सापडतील. गावाचे नाव इंग्रजी कारकुनाच्या हातून गेल्याने ओळखू येणार नाही एवढे बदललेले असू शकते, तेव्हा आधी तालुका टाकून यादी बारीक करत जाणे सोयीचे पडते. यादी लांबलचक आली तर पलटणीची गाळणी लावावी. हे काम सबुरीने करायचे आहे, एका बैठकीत उरकण्याची अपेक्षा ठेवू नये.

उणिवा सांगायच्या तर पहिली हीच, की ही सारी सेवा इंग्रजीतून आणि रोमन लिपीतून चालते. ज्या घरांतून ही माणसे गेली तेथील आजच्या वृद्ध मंडळींना ती स्वतः वापरता येत नाही. नातवाला शेजारी बसवावे लागते. स्मारकावरही देवनागरी आहे ती स्तंभावरील स्मरणापुरती. 4,700 नावांपैकी एकही त्याच्या मालकाने ज्या लिपीत सही केली असती त्या लिपीत नाही. दगडावर आता बदल करता येणार नाही, करूही नये, परंतु नोंदींना देवनागरी, गुरुमुखी आणि उर्दू रूपांची जोड देणे आजच्या काळात अवघड नाही, आणि कमिशनने ते करावे असे मी आग्रहाने म्हणेन. दुसरी उणीव आपल्याकडची आहे. ग्रामपंचायती आणि माजी सैनिकांच्या संघटना यांनी आपल्या गावापुरत्या नोंदी काढून, जुन्या संगमरवरी पाटीला हात न लावता, तिच्या शेजारी नावांची मराठी पाटी बसवली तर त्याला खर्चही फारसा येणार नाही. गावातल्या दहावी-बारावीच्या मुलांना हे काम दिले तर ते इतिहासाच्या पुस्तकाहून अधिक शिकतील.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी थोडे. लील–बेथ्यून रेल्वेमार्गावरील ला बासे हे जवळचे स्थानक. तेथून स्मारक काही किलोमीटरवर आहे, पण स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन असणे केव्हाही चांगले. चौक वर्दळीचा असून मालमोटारी वेगाने जातात, तेव्हा लहान मुले बरोबर असतील तर रस्ता ओलांडताना सांभाळावे. प्रवेशाला पैसे नाहीत. हिवाळ्यात वारा झोंबरा असतो आणि आडोसा नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा काळ बरा. नावे वाचायची असतील तर सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जावे, उन्हाची तिरीप आली की कोरीव अक्षरे स्पष्ट दिसतात. निघण्यापूर्वी संकेतस्थळावरून फलकाचा क्रमांक टिपून घेतला तर भिंतीवर नाव शोधायला वेळ लागत नाही. अर्ध्या दिवसाची सवड असल्यास चौकाच्या जवळच असलेली पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी पाहावी आणि उत्तरेला बेल्जियममधील ईप्रपर्यंत जावे. तेथील मेनिन गेटवरही भारतीय नावे आहेत आणि रोज संध्याकाळी आठ वाजता बिगूल वाजवून मृतांना मानवंदना दिली जाते.